काळ्या पाषाणाचे मॉरिशस

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर असलेले मॉरिशस हे पांढऱ्या वाळूचे आणि निळ्या, उथळ पाण्याचे बेट म्हणून जाहिरातींतून सर्वांच्या परिचयाचे झाले असले, तरी ती पांढरी वाळू ही या बेटाची केवळ कड आहे. त्या कडेच्या आतला सगळा भूभाग, म्हणजे डोंगर, पठार, नद्यांची पात्रे आणि उसाच्या मळ्यांतली माती, ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हापासून घडलेला आहे. आणि डच, फ्रेंच व ब्रिटिश या तीन युरोपीय सत्तांच्या काळात तेथे जे किल्ले, धक्के, साखर कारखाने व रस्ते झाले, त्यांचा दगडही तोच आहे. त्यामुळे एक दिवस निसर्गासाठी आणि एक दिवस इतिहासासाठी, अशी वाटणी करून या बेटाकडे पाहणाऱ्याच्या हाती दोन्हींचा अर्धाच भाग लागतो. बंदर अमुक ठिकाणीच का झाले, पळून गेलेले गुलाम कोठे लपले, सधन लोकांची वस्ती किनारा सोडून पठारावर का गेली, या प्रश्नांची उत्तरे भूरचनेत सापडतात. उलट, आज तेथील जमीन अशी मोकळी आणि लागवडीखालची का दिसते, याचे उत्तर दोन शतके तिच्यावरचे दगड उचलणाऱ्या माणसांच्या श्रमांत शोधावे लागते. त्या माणसांत कोकणातून गेलेले मराठी मजूरही होते.

सह्याद्रीशी जोडलेले भूगर्भ

मॉरिशसच्या जन्माची कथा महाराष्ट्रापासून सुरू होते, असे म्हणण्यास भूविज्ञानाचा आधार आहे. पृथ्वीचे कठीण कवच मोठमोठ्या तुकड्यांत विभागलेले असून हे तुकडे, म्हणजे भूपट्ट, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकत असतात. मात्र त्यांच्याखालच्या प्रावरणात काही जागा अशा आहेत की जेथून अतितप्त द्रव्य दीर्घकाळ वर येत राहते आणि ज्या भूपट्टांच्या तुलनेत जवळजवळ स्थिर असतात. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. वरचा भूपट्ट पुढे सरकत गेला की एकाच तप्तबिंदूमुळे निरनिराळ्या काळात निरनिराळ्या ठिकाणी ज्वालामुखी तयार होतात आणि त्यांची एक माळ मागे राहते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट अशाच एका तप्तबिंदूवरून जात असताना पश्चिम भारतात लाव्हाचे प्रचंड लोट एकावर एक पसरले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आढळणारा दख्खनचा काळा खडक निर्माण झाला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

त्यानंतर भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि तप्तबिंदूच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांच्या समुद्राखालील रांगेत उमटत गेल्या. पुढे मध्य महासागरी पर्वतरांग या तप्तबिंदूवरून सरकल्यावर तो आफ्रिकी भूपट्टाखाली आला आणि त्या बाजूला मॉरिशससह मस्करीन बेटांचा उदय झाला. १९८७ मध्ये समुद्रतळ खणून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांवरून या रांगेतील ज्वालामुखी उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने तरुण होत जातात, हे दिसून आले आहे. मॉरिशसवरील उघडे पडलेले सर्वांत जुने खडक सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, तर नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या, आजही फ्रान्सचा भाग असलेल्या रेयुनियों बेटावर तोच तप्तबिंदू अजून जागा आहे. तेथील पितों द ला फूर्नेझ हा जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून त्याचे उद्रेक वारंवार होतात.

या चित्रात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. मॉरिशसच्या खडकांत झिरकॉन नावाच्या अतिटिकाऊ खनिजाचे असे कण सापडले की त्यांचे वय सुमारे ३०० कोटी वर्षांपर्यंत जाते. ऐंशी-नव्वद लाख वर्षांच्या बेटावर इतके प्राचीन खनिज जन्मणे शक्य नसल्यामुळे लाव्हाखाली एखाद्या जुन्या भूखंडाचा तुकडा दडलेला असावा आणि वर येताना लाव्हाने त्याचे कण सोबत आणले असावेत, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढण्यात आला. या गृहीत भूखंडाला ‘मॉरिशिया’ असे नाव देण्यात आले आहे.

डोंगरांचे कडे आणि विझलेली विवरे

बेटाचा सुरुवातीचा आकार एका विस्तीर्ण, ढालीसारख्या उताराच्या ज्वालामुखीचा होता. पातळ बेसाल्ट लाव्हा दूरवर वाहत जात असल्याने असे ज्वालामुखी उंचीपेक्षा रुंदीने अधिक वाढतात. पुढे त्याचा मधला भाग खचला, बाजू झिजल्या आणि उरलेल्या कडांचे तुटक तुटक डोंगर झाले. राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी असलेली मोका रांग, आग्नेयेची ग्राँ पोर रांग आणि नैर्ऋत्येची ब्लॅक रिव्हर रांग हे त्या मूळ ज्वालामुखीचे अवशेष आहेत. बीगल जहाजावरून एप्रिल-मे १८३६ मध्ये येथे आलेल्या चार्ल्स डार्विन यांनी पोर्ट लुईमागचे ‘ले पूस’ हे शिखर चढून पाहिले होते आणि हे डोंगर एकाच प्रचंड ज्वालामुखीच्या कडेचे तुकडे असावेत, या कल्पनेचा त्यांनी आपल्या लेखनात विचार केला होता. उंचीच्या दृष्टीने हे डोंगर सह्याद्रीच्या जवळपासही नाहीत, कारण सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे आहे. परंतु समुद्रसपाटीपासून ते एकदम उभे राहत असल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा अधिक उत्तुंग भासतात.

मूळ ज्वालामुखी झिजल्यानंतर मधल्या खोलगट भागात लाव्हाचे नवे प्रवाह निघाले आणि त्यांनी मध्य पठार तसेच उत्तरेचे सपाट मैदान भरून काढले. यांतील शेवटचे प्रवाह काही दशसहस्र वर्षांपूर्वीचे असून माणूस बेटावर आल्यापासून तेथे उद्रेक झालेला नाही. या तरुण टप्प्याच्या खुणा मध्य पठारावर स्पष्ट दिसतात. क्यूरपीप शहराला लागून असलेले ‘त्रू ओ सेर’ हे सुमारे ३०० मीटर रुंदीचे विवर आज पूर्णपणे झाडीने आच्छादलेले असून त्याच्या काठावरून बेटाचा मोठा भाग दृष्टीस पडतो. उत्तर व ईशान्य भागांत लाव्हाप्रवाहाचा वरचा थर थंड होऊन कठीण झाल्यावर आतला लाव्हा वाहून गेल्याने बोगद्यांसारख्या गुहा तयार झाल्या आहेत, त्यांना लाव्हानलिका म्हणतात.

नैर्ऋत्येच्या शामारेल येथील ‘सप्तरंगी जमीन’ ही बहुतेक पर्यटक छायाचित्रांपुरती पाहतात, पण तिच्या रंगांमागची प्रक्रिया कोकणी माणसाला परकी नाही. उष्ण आणि अतिवृष्टीच्या हवामानात बेसाल्ट कुजत जातो, त्यातील विरघळणारी द्रव्ये व सिलिका पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. कोकणातील जांभा दगड याच क्रियेतून झाला आहे. शामारेलला मात्र दगड न बनता मऊ चिकणमाती झाली, तिच्यातील लोहाच्या कमी-अधिक प्रमाणामुळे तांबड्या, तपकिरी, जांभळ्या छटा आल्या आणि पोषक द्रव्ये धुऊन गेल्यामुळे तिच्यावर काही उगवेनासे झाले.

प्रवाळाची कड आणि बंदराची जागा

काळ्या बेटाला पांढरी कड मिळाली ती प्रवाळामुळे. उष्ण आणि स्वच्छ समुद्रात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या चुनखडीच्या सांगाड्यांपासून बेटाभोवती प्रवाळभित्ती तयार झाली, भित्ती आणि किनारा यांच्यामध्ये शांत खाजणासारखे उथळ पाणी राहिले आणि फुटलेल्या प्रवाळाची भुकटी वाळू होऊन किनाऱ्यावर पसरली. जेथे ही भित्ती नाही तेथे किनाऱ्याचे रूप एकदम पालटते. दक्षिणेला सूयाकजवळील ग्री-ग्री येथे भित्ती खंडित असल्याने महासागराच्या लाटा थेट काळ्या कातळावर आदळतात, त्यांनी कड्यांत गुहा आणि कमानी कोरल्या आहेत, आणि प्रवाळाची कड नसती तर सगळे बेट कसे दिसले असते याची कल्पना तेथे येते.

ही भित्ती नौकानयनासाठी संकट असते, कारण तिच्यावर आपटून जहाजे फुटतात. १७४४ मध्ये ईशान्य किनाऱ्याजवळ बुडालेले फ्रेंच जहाज ‘सँ-जेराँ’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून बेर्नार्दँ द सँ-प्येर यांच्या १७८८ च्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या कादंबरीमुळे ते युरोपभर माहीत झाले. परंतु जेथे नदी समुद्राला मिळते तेथे गोडे पाणी व गाळ यांमुळे प्रवाळ वाढत नाही आणि भित्तीत खिंड राहते, म्हणून मोठी जहाजे आत येण्याच्या जागा निसर्गानेच ठरवून दिल्या होत्या. सप्टेंबर १५९८ मध्ये वाइब्रांड फान वार्वाइक यांच्या नेतृत्वाखाली डच जहाजे आग्नेयेच्या अशाच उपसागरात शिरली आणि डच राजपुत्र मॉरिस यांचे नाव बेटाला देण्यात आले. त्याआधी अरब व पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होते, पण कायमची वस्ती कोणीच केली नव्हती.

आग्नेय बंदराची अडचण अशी होती की वर्षातील बराच काळ वाहणारे आग्नेय व्यापारी वारे सरळ त्याच्या तोंडात शिरत असल्यामुळे शिडाच्या जहाजांना आत येणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड जाई. वायव्येच्या बंदराला मात्र डोंगरांचा आडोसा होता. त्यामुळे फ्रेंचांनी राजधानीसाठी वायव्येची जागा निवडली आणि तिचे पोर्ट लुई झाले. डचांच्या जुन्या ठाण्याचे दगडी अवशेष व्यू ग्राँ पोर येथे उरले.

तीन सत्ता, एक पाषाण

डचांनी १६३८ ते १६५८ आणि १६६४ ते १७१० अशा दोन टप्प्यांत वस्ती करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी एबनीची जंगले तोडली, जावाहून ऊस व हरणे आणली आणि त्यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, उडता न येणारा डोडो पक्षी नामशेष झाला. वादळे, उंदीर आणि अपुरी माणसे यांना कंटाळून ते निघून गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेऊन त्याला ‘इल द फ्राँस’ हे नाव दिले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माए द ला बूर्दोने यांनी पोर्ट लुईला गोदी, रुग्णालय, पाणीपुरवठा आणि तटबंदी दिली, आणि भारतातील फ्रेंच मोहिमांचा हा तळ बनवला. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारे आरमार त्यांनी येथूनच नेले होते. या बांधकामांसाठी मादागास्कर व मोझांबिकमधून गुलाम आणले गेले, तसेच दक्षिण भारतातूनही कारागीर व गुलाम आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटाच्या लोकसंख्येत गुलामांचे प्रमाण तीन-चतुर्थांशांहून अधिक झाले होते. पाम्प्लमूस येथील वनस्पती उद्यानात प्येर प्वाव्र यांनी डचांच्या मक्तेदारीतून चोरून आणलेली जायफळ व लवंगांची रोपे १७७० च्या सुमारास रुजवली, आणि या बेटाचे महत्त्व मसाल्यांच्या राजकारणातही वाढले.

ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोरच्या उपसागरात फ्रेंचांनी इंग्रज आरमाराचा पराभव केला, तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उत्तरेकडून उतरलेल्या इंग्रज फौजेपुढे त्यांना शरण जावे लागले; या फौजेत हिंदुस्थानी शिपाईही होते. १८१४ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटनकडे कायम झाले आणि त्याचे जुने ‘मॉरिशस’ हे नाव परत आले, मात्र शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच कायदे, भाषा, धर्म आणि मळेवाल्यांची मालमत्ता अबाधित राहिली. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजी अंमल असूनही तेथील वर्तमानपत्रांत व संभाषणात आजही फ्रेंच आणि तिच्यापासून घडलेली क्रेओल यांचाच वावर अधिक आहे.

पोर्ट लुईतील वास्तूंतून हा क्रम वाचता येतो. समुद्राकडून सुरू होणाऱ्या ताडांच्या रांगेच्या टोकाला फ्रेंच काळातील गव्हर्नरचे निवासस्थान, शहराच्या मागच्या बाजूला १८१२ पासून शर्यती होणारे शाँ द मार्स मैदान, आणि या दोहोंवर नजर ठेवणाऱ्या टेकडीवर इंग्रजांनी १८३४ ते १८४० या काळात बांधलेला काळ्या घडीव दगडांचा ‘सिटाडेल’ किल्ला. त्याच्या भिंतींची दृष्टी समुद्राइतकीच शहराकडेही आहे, कारण गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास फ्रेंच मळेवाल्यांच्या उठावाची भीती सरकारला वाटत होती.

ऊस, दगड आणि ले मॉर्न

मॉरिशसचे रूप सर्वाधिक पालटले ते उसाने. कॉफी, कापूस आणि मसाल्याची झाडे चक्रीवादळांत उन्मळून पडत, पण ऊस वाकून पुन्हा उभा राहतो, हे मळेवाल्यांना अनुभवाने समजले होते. त्यात १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी केली आणि बेटाची शेती जवळजवळ एकपिकी झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात येणारी पांढरीशुभ्र ‘मोरस साखर’ ती हीच.

अडचण होती जमिनीची. तरुण लाव्हाची माती सुपीक असली तरी तिच्यात दगडगोट्यांची खच्चून गर्दी असते, आणि ऊस लावण्यापूर्वी ते हातांनी उपसावे लागतात. आधी गुलामांनी आणि नंतर करारबद्ध मजुरांनी हे दगड उचलून मळ्यांच्या कडेला व मधोमध रचले. कोकणात बागेभोवती गडगे घालतात तशा कोरड्या भिंती आणि कोठे कोठे पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे भासावेत असे ढीग त्यांतून तयार झाले. याच दगडांतून साखर कारखान्यांच्या चिमण्या, पवनचक्क्या आणि चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेक चिमण्या कारखाने बंद पडल्यावरही उसाच्या शेतांत एकट्या उभ्या आहेत. रस्त्यांचे बरेचसे काम मुंबई व बंगाल इलाख्यांतून शिक्षा म्हणून १८१५ पासून पाठवलेल्या कैद्यांकडून करवून घेण्यात आले. डार्विन यांनी या कैद्यांचीही नोंद केली आहे.

मळ्यांतून पळालेल्या गुलामांना आश्रय मिळाला तो जुन्या ज्वालामुखीच्या कड्यांत. नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ले मॉर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा बेसाल्टचा सुटा डोंगर चारही बाजूंनी जवळजवळ उभा असून त्याच्या माथ्यावर व गुहांत अशा फरारी गुलामांच्या वस्त्या होत्या. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी बंद झाल्याची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून आपल्याला पकडण्यासाठीच ते आले, असे समजून त्यांतील काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी मौखिक परंपरा आहे. तिची कागदोपत्री शहानिशा करता येत नसली, तरी बेटावरच्या क्रेओल समाजाच्या स्मृतीत या डोंगराचे स्थान त्यामुळेच आहे, आणि २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्याची निवड केली ती गुलामीविरुद्धच्या प्रतिकाराचे प्रतीक म्हणून. ब्रिटिश सरकारने सुमारे ६६ हजार गुलामांच्या मुक्ततेबद्दल २० लाखांहून अधिक पौंडांची भरपाई दिली. ती मालकांना मिळाली, गुलामांना नाही.

आप्रवासी घाट आणि कोकणातून गेलेले मजूर

गुलामगिरी संपताना मळ्यांना स्वस्त मजूर कसे मिळतील, या प्रश्नाचे ब्रिटिश सरकारने शोधलेले उत्तर म्हणजे करारबद्ध मजुरी, जिला भारतात गिरमिट म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईला पोचले आणि पुढील काही दशकांत जवळजवळ पाच लाख भारतीय तेथे उतरले. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा आणि पुरुषाचे वेतन महिना पाच रुपये असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई आणि मळ्याबाहेर फिरण्यासाठी परवाना लागे. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये मजुरांचा मोठा अर्ज सादर झाल्यानंतर ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

या मजुरांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये बांधलेली मजूरवखार पोर्ट लुईच्या धक्क्यावर आहे. बेसाल्टच्या चिऱ्यांच्या भिंती, स्वयंपाकघराचे व दवाखान्याचे अवशेष आणि किनाऱ्यावरून वर जाणाऱ्या सोळा पायऱ्या एवढाच तिचा भाग शिल्लक आहे, कारण बाकीचे बांधकाम पुढील काळात रस्त्यांखाली गेले. पूर्वी कुली घाट आणि आता आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाणारी ही जागा २००६ मध्ये जागतिक वारसा ठरली. येथील दप्तरातील नावे, गावे आणि जहाजांच्या नोंदी आजही वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग काढण्यासाठी उपयोगी पडतात.

मजुरांपैकी बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतातले, त्याखालोखाल तमिळ व तेलुगू प्रदेशांतले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तीस हजारांच्या घरात असून त्यांतील अनेक रत्नागिरी व आसपासच्या भागांतले होते. बेटावरील मराठी समाज आज संख्येने लहान असला तरी त्याची स्वतंत्र ओळख टिकून आहे. शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने सणासुदीला रंगते. आँरिएता येथे १८९६ मध्ये पहिला गणेशोत्सव झाल्याचे मानले जाते, आणि आज गणेश चतुर्थी ही सगळ्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. ज्या तप्तबिंदूने सह्याद्रीचा काळा खडक घडवला त्यानेच घडवलेल्या दुसऱ्या भूमीवरचे दगड वेचण्याचे काम कोकणच्या माणसांना करावे लागले, हा इतिहासाने जुळवून आणलेला योग आहे.

पठारावरची शहरे आणि विवरातले तीर्थ

पोर्ट लुई हे उष्ण, कोंदट बंदर १८६६ ते १८६८ मधील हिवतापाच्या साथीत हजारो माणसांना मुकले, तेव्हा सधन कुटुंबांनी थंड व पावसाळी मध्य पठाराकडे स्थलांतर केले. १८६५ मध्ये पठारापर्यंत पोचलेल्या रेल्वेमुळे तेथून रोज बंदरात कामाला जाणे शक्य झाले होते. क्यूरपीप आणि त्याच्या परिसरातील लाकडी, रुंद व्हरांड्याची क्रेओल पद्धतीची घरे याच स्थलांतराची खूण आहेत. मोका येथील एकोणिसाव्या शतकातले ‘युरेका’ हे घर पर्यटकांना पाहता येते. २०२० पासून सुरू झालेली मेट्रो आता पुन्हा बंदर आणि पठार यांना जोडते.

वसाहतीच्या नकाशात ज्यांना स्थान नव्हते अशा मजुरांनी मात्र भूरचनेला आपला अर्थ दिला. दक्षिणेच्या दाट अरण्यातील ग्राँ बासँ हे ज्वालामुखीच्या विवरात साठलेले सरोवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदूंचे तीर्थ झाले, १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी सोडण्यात आले आणि ते ‘गंगा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो भाविक कावडी घेऊन पायी तेथे येतात. सरोवराजवळची १०८ फुटी शिवमूर्ती हे त्या परंपरेला अलीकडे मिळालेले भव्य रूप आहे.

बेट कसे पाहावे

मे ते नोव्हेंबर हा कोरडा व थंड हंगाम फिरण्यास चांगला असतो, कारण डिसेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ आहे. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर असल्याने कोठलेही ठिकाण एका दिवसात जाऊन परतण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी आप्रवासी घाट, सिटाडेल आणि बाजारपेठ, दुसऱ्या दिवशी पाम्प्लमूसचे उद्यान व शेजारच्या बंद साखर कारखान्यातील संग्रहालय, मग त्रू ओ सेर, गंगा तलाव, शामारेल आणि ले मॉर्न असा पठारावरून नैर्ऋत्येकडे उतरणारा मार्ग, आणि शेवटी ग्री-ग्री ते व्यू ग्राँ पोर हा दक्षिण किनारा, अशा क्रमाने पाहिल्यास बंदर, पठार, मळा आणि कडा यांचा परस्परसंबंध आपोआप उलगडतो.

मॉरिशसने १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळवल्यानंतर आपला वारसा म्हणून जगापुढे कोणत्या जागा ठेवल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. युनेस्कोच्या यादीतील त्याच्या दोन्ही जागा, म्हणजे मजूरवखार आणि फरारी गुलामांचा डोंगर, सत्ता गाजवणाऱ्यांच्या नव्हेत. या दोन जागांना जागतिक वारशाचे संरक्षण मिळाले, परंतु याच माणसांच्या श्रमांची सर्वांत विस्तृत नोंद असलेले मळ्यांतले दगडांचे ढीग त्या यादीत नाहीत. यांत्रिक तोडणीसाठी सलग शेते हवी असल्याने गेल्या काही दशकांत यंत्रांनी यांतील अनेक ढीग हलवले गेले आहेत. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसात अजून उभे असलेले ढीग कोणी आणि का रचले, हे माहीत असणाऱ्या प्रवाशाला या बेटाचा निम्मा इतिहास गाडीतूनच दिसू लागतो.